नदीकडची खिडकी

माय,

मावशीचं घर रिकामं करताना धान्याच्या कोठीमागे तुझा पत्र्याचा डबा सापडला, त्याला आता दोन वर्षं होतील. मावशीने तो जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. बिस्किटांचा चौकोनी डबा, झाकणावरचं चित्र पार घासून गेलेलं. मला वाटलं, तुझ्या नोकरीचे कागद असतील. उघडला तर आत फोटो. पन्नासेक तरी असतील, आणि तळाशी खाकी पाकिटात निगेटिव्हच्या पट्ट्या. कोठी हलवायला आलेले हमाल खोळंबले होते, तरी मी तिथेच फरशीवर बसले आणि एकेक फोटो बघत गेले. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला एक ओळ लिहावीशी वाटली नाही, आणि आता लिहितेय ते मायेने लिहितेय असं समजू नकोस. मला तुझा हेवा वाटतो. मेलेल्या आईचा हेवा वाटतो हे दुसऱ्या कोणाला सांगायचं तर लोक वेड्यात काढतील, म्हणून तुलाच सांगते.

तू गेलीस तेव्हा मी नंदुरबारच्या एका स्टुडिओत पासपोर्टचे फोटो कातरत होते. पुढे मी तिथेच कॅमेरा धरायला शिकले, लग्नं केली, बारशी केली, शाळांचे वर्गफोटो काढले, आणि स्वतःचं दुकान टाकलं. गेली आठ-नऊ वर्षं मात्र माझं मन लागतं ते खिडक्यांत. जुन्या इमारतींच्या खिडक्या. नंदुरबारच्या गल्ल्यांतल्या, तळोद्याच्या सागवानी घरांच्या, तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या घाटाजवळच्या, नवापूरकडे पाद्र्यांनी बांधलेल्या जुन्या बंगल्यांच्या, तोरणमाळला धुक्यात उघड्या राहिलेल्या. तळोद्यात एका नक्षीच्या खिडकीसाठी मी तीन सकाळी समोरच्या ओट्यावर बसून काढल्या, कारण ऊन तिच्या गजांमधून तिरपं उतरतं ते जेमतेम दहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी ओट्याचा मालक म्हणाला, "काय देखी ऱ्हायनी व बाई त्या खिडकीमा? आते तठे कोणी ऱ्हात नही." मी म्हटलं, म्हणूनच बघतेय. हे सगळं तुला सांगते ते एवढ्यासाठी, की मी हे काम शिकून, घासून, पाठ मोडेपर्यंत केलेलं आहे. उजेड कधी येतो आणि कधी जातो ते मला कळतं. आणि तू फक्त एक रीळवाला छोटा काळा कॅमेरा सुरतेहून आणला होतास, ज्याला डोळा लावायचा आणि बटण दाबायचं, बस.

डब्यातले पुष्कळसे फोटो तू नर्स होतीस त्या आरोग्य उपकेंद्राचे होते. लसीकरणाला जमलेल्या बाया, वजनकाट्याच्या झोळीत रडणारं पोर, उतारावरची कुडाची घरं. नऊ फोटो मात्र एकाच जागेचे होते. वनखात्याची ती जुनी दगडी चौकी, जिच्या अर्ध्या भागात तुझं उपकेंद्र होतं आणि अर्ध्यात तू राहायचीस, तिची नदीकडची खिडकी. सागवानी चौकट, चार उभे गज, एका झडपेची खालची फळी निखळलेली. गजांपलीकडे उतारावरची शेतं, एक मोहाचं झाड, ज्याला तिथे महू म्हणतात, एक आंबा, खाली नर्मदा आणि पलीकडे एकामागे एक डोंगर. तू तिथे नऊ वर्षं होतीस आणि दर वर्षी पाऊस सरला की त्याच जागी उभं राहून तोच फोटो काढत होतीस. मागे पेन्सिलने लिहिलेलं आहे. पहिल्यावर 'नदी खाली'. मग पुढे कधीतरी 'खालची शेतं गेली'. मग 'महूपर्यंत पाणी'. मग 'महू गेला'. धरणाचं पाणी मागे सरकत सरकत गावात कसं शिरलं ते जगाला माहीत आहे, पण कोणी एका खिडकीत उभं राहून असं मोजलेलं मी पाहिलं नव्हतं. शेवटच्या फोटोत गजांपलीकडे नुसतं पाणी आहे, आणि त्याच्या मागे तू काहीच लिहिलेलं नाहीस.

मी आधी या फोटोंतल्या चुका काढल्या. खोटं कशाला बोलू. डोंगराची रेघ कललेली, उजेड भसकन आत आलेला, दोन फोटोंच्या कोपऱ्यात तुझं बोट. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीने असे फोटो आणले असते तर मी तिला परत पाठवलं असतं. चुका काढून झाल्या आणि तरीही मी सातव्या फोटोवरून हलेना. त्यात कॅमेरा जरा खालून धरलेला आहे, जणू तू जमिनीवर बसून काढलास, त्यामुळे खिडकी उंच दिसते आणि नदी तिच्यात अडकल्यासारखी दिसते. उजव्या कडेला एका बाईचा हात आहे, गज धरलेला. पांढऱ्या लुगड्याचा थोडा काठ. बाकी बाई चौकटीबाहेर. मला वाटलं, औषधाला आलेली कोणी असेल. तेवढ्या हाताने ती खिडकी कुणाची तरी झाली होती. माझ्या तीनशे खिडक्यांत असा एक फोटो नाही. हमालाने विचारलं, "बाई, डबा फेकना शे का?" मी म्हटलं, "नको, राहू दे."

ती चौकी मी एकदाच पाहिली होती, अकरा वर्षांची असताना. तेव्हा बाप जाऊन सहा वर्षं झालेली, मी नंदुरबारला मावशीकडे शाळेत, आणि तू महिन्यातून एखाद्या शनिवारी यायचीस. मे महिन्यात तू मला वर न्यायला कबूल झालीस. एसटीने अक्कलकुवा, तिथून माणसांनी लगडलेल्या जीपने मोलगी, आणि मग चालणं, चालणं. माझ्या पायाला फोड आले. तू माझी पिशवी घेतलीस, पण चाल कमी केली नाहीस. चौकीत पोचतो तर चुलीपुढे एक मुलगी बसलेली. माझ्याएवढीच, कदाचित वर्षभराने लहान. तिने तुझ्यासाठी पाणी तापवून ठेवलं आहे. ती तुला 'याहा' म्हणते. भिलीत याहा म्हणजे आई, हे मला जीपमध्येच कळलं होतं, लोक याहा मोगी देवीचं नाव घेत होते. मी तिच्याकडे बघते आणि ती माझ्या चपलांकडे. तू भाकरी थापायला बसतेस, मला म्हणतेस, "मीठ आन." मी सगळीकडे शोधते. मला सापडत नाही. तू पाठमोरीच म्हणतेस, "तिले इचार. तिले ठाऊक शे." ती उठते, कोनाड्यातल्या मडक्यामागे हात घालते आणि मीठ माझ्या हातात देते. माझ्या आईच्या घरातलं मीठ. त्या रात्री मी जेवले नाही, पोट दुखतंय म्हणाले, आणि तू मला गोळी दिलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू तपासायला बसली होतीस. खिडकीच्या कट्ट्यावर कॅमेरा होता. मी उचलला, डोळ्याला लावला, गजांमधून नदी बघितली. एवढंच. तू आतून ओरडलीस, "ठेव ते खाले. खेळणं नही शे. रीळ सरी जाई." बाहेर ओळीत बसलेल्या बायांपैकी कोणी हसलं. मी कॅमेरा ठेवला. पुढे पंधरा दिवस होते तिथे, पुन्हा हात लावला नाही. आणि मग एका दुपारी मी नदीवरून वर येते तेव्हा ती मुलगी तुझ्या शेजारी उभी आहे, कॅमेरा तिच्या हातात आहे आणि तू तिचं बोट धरून बटण कुठे आहे ते दाखवते आहेस. मी तशीच मागे फिरले. तुला ते माहीतच नसणार. मी पुढे फोटोग्राफर का झाले असं लोक विचारतात तेव्हा मी उजेडाबद्दल, रेषांबद्दल काहीबाही सांगते. खरं कारण ते बोट आहे.

डबा सापडल्यावर मी काय केलं ते ऐक. मी तुझ्याशी स्पर्धा करायला निघाले. चांगली लेन्स घेतली, तिपाई घेतली आणि मणिबेलीच्या बाजूने बोट ठरवून तुझ्या गावाच्या जागी गेले. बोटवाला वयस्क होता, तिथलाच. बराच वेळ गेल्यावर त्याने इंजिन बंद केलं, डोंगराची दोन टोकं नजरेने जुळवली आणि म्हणाला, "चौकी इथं. खाली." बोट हळूहळू फिरत होती. चारी बाजूंना निळं पाणी आणि डोंगर, असलं देखणं की कॅलेंडरवर छापावं. मी तासभर फोटो काढले. घरी येऊन पाहिले तर एकातही काही नव्हतं. गजच नाहीत, तर डोंगर कुठून बघायचा ते कळत नव्हतं. तू त्या डोंगरांना चौकट दिली होतीस आणि ती पाण्याखाली होती. मी ते सगळे फोटो पुसून टाकले. बोटवाल्याने विचारलं होतं, "कोण होतं तुमचं तिथं?" मी म्हटलं, "कोणी नाही, फोटोसाठी आले."

मागच्या पावसाळ्यानंतर नंदुरबारला एका कॉलेजच्या हॉलमध्ये माझ्या खिडक्यांचं प्रदर्शन लागलं. चाळीस फोटो निवडायचे होते. एकोणचाळीस माझे निवडले आणि चाळिसावा तुझा सातवा लावला. पहिल्यांदा मी मनाशी म्हटलं की हा माझ्या आईला नमस्कार आहे. मग त्याच्याखाली चिठ्ठी लावायची वेळ आली तेव्हा मी लिहिलं, 'नर्मदाकाठ, जुनी चौकी'. तुझं नाव लिहिलं नाही. दारावरच्या फलकावर माझं एकटीचं नाव होतं. हे विसरून झालं असं म्हणता येणार नाही, कारण पेन हातात घेऊन मी दोन मिनिटं विचार केला होता.

उद्घाटनाला नाशिकहून एक नावाजलेले फोटोग्राफर आले होते. त्यांनी सगळे फोटो शांतपणे पाहिले, आणि तुझ्या फोटोपुढे थांबले ते थांबलेच. भाषणात म्हणाले, "बाईंचं काम नेटकं आहे. पण बाकी सगळीकडे खिडकी बाहेरून पाहिलेली आहे. या एका फोटोत कोणीतरी आत राहतंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही हसले, हात जोडले. आतून मात्र असं झालं, की हॉलमधले एकोणचाळीस फोटो उतरवून घरी जावं. माझ्या स्वतःच्या प्रदर्शनात, माझ्या नावाखाली, तू मला हरवलंस. आणि मी तक्रार करायची कोणाकडे?

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीत अंगणवाडी सेविकांचं प्रशिक्षण होतं. चहाच्या सुट्टीत त्यांच्यातल्या दहा-बारा जणी आत आल्या, हसत, बोलत, फोटोंपुढून भराभर पुढे जात. एक मात्र तुझ्या फोटोपुढे उभी राहिली. माझ्याच वयाची, उंच, केसांत थोडं पांढरं. बाकीच्या निघून गेल्या तरी ती तिथेच. मी जवळ गेले. ती फोटोकडे बघतच म्हणाली, "मॅडम, हा फोटो तुमच्याकडे कसा आला?"

मी म्हटलं, "माझ्या आईचा आहे. ती तिथे नर्स होती."

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत. "म्हणजे तुम्ही नर्सबाईची पोरगी. तुम्ही आला होता एकदा. तुमच्या पायाला फोड आले होते." मग पुन्हा फोटोकडे वळून, सांगायचं म्हणून सांगितल्यासारखं म्हणाली, "हा मी काढलाय."

मी म्हटलं, "नाही, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. कॅमेरा आईचा होता. मागे तिचं अक्षर आहे."

"कॅमेरा तिचाच होता. तिने माझ्या हातात दिला, म्हणाली दाब. ती बोट येतेय का ते बघायला खिडकीत गेली होती. मी दाबला." तिने भांडायचा सूर लावला नाही. नुसतं बोट पुढे करून विचारलं, "हा हात कोणाचा आहे, तुम्हीच सांगा."

मी पाहिलं. गज धरलेल्या त्या मनगटावर घड्याळाचा पट्टा होता आणि घड्याळ आतल्या बाजूला वळवलेलं होतं. तू असंच बांधायचीस, नाडी बघताना काटा दिसावा म्हणून. मी तापाने फणफणलेली असताना तो हात माझ्या हातावर किती वेळा असायचा. वर्षभर तो फोटो मी रोज पाहत होते, मोठा करून छापला होता, त्यातले डाग एकेक करून साफ केले होते, आणि माझ्या आईचा हात मला ओळखता आला नव्हता. कॅमेरा खालून का धरलाय तेही तेव्हा कळलं. ती तुझ्या खांद्याएवढीच होती. म्हणजे तुझा म्हणून चोरलेला फोटो तुझाही नव्हता. तो त्या मिठाच्या मडक्यामागे हात घालणाऱ्या मुलीचा होता, आणि ती माझ्यासमोर उभी होती.

फोटोखाली आपलं नाव हवं असं ती म्हणाली नाही. फलकाकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "मला याची एक कॉपी द्याल? आमच्याकडे तिथलं काहीच नाही." मी म्हटलं, "हो, देते ना, पाठवते." तिने वहीच्या पानावर पत्ता लिहून दिला, अक्कलकुव्यापलीकडच्या एका वसाहतीचा, जिथे बुडालेल्या गावांतली घरं वसवली आहेत. प्रदर्शन आणखी दोन दिवस होतं. मी चिठ्ठी बदलली नाही. आणि कॉपी पाठवायला मला पाच महिने लागले. छपाईचं यंत्र माझ्या दुकानात आहे, माय. पाच मिनिटांचं काम. रोज तो पत्ता टेबलावर दिसायचा आणि रोज मला वाटायचं, हिला अजून काय काय द्यायचं? माझी आई नेली, कॅमेरा नेला, फोटोही हिचाच. मी पंचेचाळीस वर्षांची बाई, माझ्या हाताखाली दोन मुली काम करतात, आणि मी पाण्यात बुडालेल्या गावाच्या एका पोरीवर जळत होते.

शेवटी होळीला गेले. काठी गावच्या होळीचे फोटो काढायचं काम होतं, रस्ता तिच्या वसाहतीवरून जातो, म्हणून कॉपी सोबत घेतली. एकटा फोटो द्यायला मी गेले असते की नाही, माहीत नाही. तिचं घर सिमेंटचं, खिडकीला लोखंडी चौकट, ओट्यावर अंगणवाडीच्या वह्यांची चळत. तिने फोटो दोन्ही हातांनी धरला. नवऱ्याला हाक मारून आंबा कुठे होता ते दाखवलं, महू कुठे होता ते दाखवलं. मग चहा ठेवला आणि आम्ही दोघी चुलीशी बसलो.

मी विचारलं, "तुम्ही तिला याहा का म्हणायचा?" विचारताना माझा आवाज बरा नसावा, कारण तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि माझ्याकडे वळून बसली.

"माझी याहा बाळंतपणात गेली. नर्सबाई तिथेच होती, दोन दिवस. तिने खूप केलं. नाही वाचली. मग मी रोज चौकीत जायला लागले. तिने बोलावलं नव्हतं. मीच जायची. सुरुवातीला ती माझ्याकडे बघायचीच नाही." चहा ओतताना ती म्हणाली, "खरं सांगू ताई? मला तुमचा राग यायचा. शनिवारी ती निघाली की मी नदीवर जाऊन बसायची. पुढे बोट सुरू झाली. एका दिवाळीला ती तुमच्याकडे निघाली होती, नवीन फ्रॉक घेऊन. मी तिच्या चपला चाऱ्याच्या गंजीत लपवल्या. ती शोधत राहिली. बोट गेली."

"मग? मारलं तिने?"

"नाही. पायरीवर बसली. फ्रॉकची पिशवी मांडीवर. मला म्हणाली, 'मन्ही पोर वाट देखी ऱ्हायनी व्हई.' तेवढंच. मग मीच चपला आणून दिल्या. दुसरी बोट दोन दिवसांनी होती."

ती दिवाळी मला आठवते. मी मावशीच्या ओट्यावर संध्याकाळपर्यंत बसले होते आणि शेजारच्या पोरी नव्या कपड्यांत फिरत होत्या. तू भाऊबीजेला आलीस. बोट चुकली म्हणालीस. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तू खोटं बोलतेस. तुला तिथेच राहायचं होतं." तू फ्रॉक पुढे केलास, मी घेतला नाही, आणि तू परत जाईपर्यंत चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. तेव्हा तू चपलांचं एकदा तरी सांगायचं होतंस. 'त्या पोरीने लपवल्या' एवढे तीन शब्द. मी तुला माफ केलं असतं, तिच्यावर चिडले असते, आणि सगळं सोपं झालं असतं. पण तू माझं बोलणं गिळलंस आणि तिला पाठीशी घातलंस. तिच्या चुलीशी चहा पिताना मला तेच पहिल्यांदा जाणवलं. पायरीवर बसून तू माझी आठवण काढलीस हे नंतर, घरी येताना. काठीला ढोल घुमत होते, मोरपिसांचे टोप घातलेले लोक नाचत होते, माझं काम चाललं होतं, आणि मी हिशेब लावत होते की त्या दिवशी तू नक्की कोणाची आई होतीस. आई नसलेली पोर आणि आई दूर असलेली पोर, यांत कोणाला जास्त लागत होतं ते मला आता कळतं. कळून जळणं थांबतं असं मात्र नाही.

पुढचं सांगते. नाशिकला प्रदर्शन गेलं तेव्हा मी चिठ्ठी बदलली. फोटो तिचा, असं तिचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'खिडकीतला हात, उपकेंद्राच्या नर्स', आणि पुढे तुझं नाव. ते पहिल्यांदाच छापून आलं. ते नावाजलेले फोटोग्राफर पुन्हा आले होते, त्यांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते माझ्यावर रागावतील. ते म्हणाले, "असं होय," आणि तिचा फोन नंबर मागितला. वर्तमानपत्रात दोन रकाने आले, तिच्या वसाहतीतल्या घराच्या फोटोसकट. तिने मला फोन करून सांगितलं की लोक येतात, विचारतात, काय बोलू ते सुचत नाही. मी म्हटलं, जे आहे ते बोला. माझ्या एकोणचाळीस खिडक्यांबद्दल त्या दोन रकान्यांत एक वाक्य होतं. मी ते कापून ठेवलंय. वाक्य नव्हे, अख्खं कात्रण.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट अजून कोणालाच सांगितलेली नाही. तिच्यासाठी कॉपी छापताना निगेटिव्हची अख्खी पट्टी मी काँप्युटरवर घेतली तेव्हा त्या फोटोच्या पुढची चौकटही दिसली. ती मुलगी आहे त्यात. तिने कॅमेरा परत दिला असेल आणि तू लगेच तिच्याकडे वळवून दाबला असशील. खिडकीकडे पाठ, डोळे मिटून हसतेय, समोरचा एक दात अर्धा तुटलेला, केसांवरून मागचा उजेड सांडलेला. तू काढलेल्या सगळ्या फोटोंतला हा सगळ्यांत चांगला आहे, आणि डब्यात याची कागदावरची प्रत नाही. चहा पिताना ती म्हणाली होती, तिचा लहानपणीचा एकही फोटो नाही. मी कप खाली ठेवला आणि मान हलवली. डब्यातल्या पन्नास फोटोंत माझाही एक नाही, माय. मी दोनदा सगळे पाहिले. तिचा फोटो छापून उद्या पाठवते असं इथे लिहिणार होते. पण तुला लिहिताना तरी खोटं नको. ती पट्टी माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि मी तो फोटो अजून छापलेला नाही.